तिसऱ्याचा एक्झॉस्ट

आवाज सुरू झाला माघात. थंडी कसली,
सकाळी साडेसहाला बॉनेट गार लागायचं तेवढीच.
टिकटिकटिकटिक,
स्टीलच्या ताटलीवर नखं वाजवावीत तसं.

गाडी शाळेची. छपरावर तिरका बोर्ड, मागे लाल एल,
माझ्या पायाखाली जादा क्लच, जादा ब्रेक,
आणि उजवीकडे दर तासाला एक नवा घाबरलेला माणूस.
प्रत्येक जण आधी हेच विचारायचा :
हे माझ्यामुळे होतंय का, मॅडम?
नाही हो. दुसऱ्यावर टाका.

घाटकोपरच्या पोराने कान न लावताच
बेचाळीस हजार सांगितले. इंजिन खोलावं लागेल.
नाक्यावरच्याने ऑइल बदललं, प्लग बदलले, चहा पाजला,
आणि आवाज तीन दिवस रजेवर गेला.
चौथ्या दिवशी हजर. वेळेवर.

मग कुणीतरी कुर्ल्याचे इकलाख परकार सुचवले.
जहाजाच्या इंजिनरूममध्ये
उजवा कान कायमचा ठेवून आलेला माणूस.
हातभर लांब पेचकस घेतला,
टोक इंजिनच्या झाकणावर, मूठ कानामागच्या हाडावर.
बहिऱ्याच बाजूला.
डोळे मिटले. गॅस दे. सोड. परत दे.
एकेका प्लगची वायर उपटून पाहिली :
इंजिन लंगडलं, आवाज नाही लंगडला.
बॅटरीच्या उजेडात मॅनिफोल्ड पाहिला, काजळी नव्हती.
"दोन फेऱ्यांना एकदा बोलतो. एकटाच हाय.
तिसऱ्याचा एक्झॉस्ट."
बिल्डिंगच्या खाली उभं राहून
कुणी घर दाखवावं तसं :
तिसरा मजला, मागची बाजू.

इंजिन गार होईतो दोन तास.
त्यांनी भाकरी आणि सुका जवळा खाल्ला,
मी स्टुलावर बसून आरटीओचे फॉर्म भरले.
मग झाकण उघडलं, नट सैल केला,
कागदाच्या दोन पानांइतकं पातं मधे सरकवलं
आणि ओढून बघायला माझ्या हातात दिलं.
श्रीखंडातून चमचा ओढावा, एवढंच अडत होतं.

पूर्णच आवळा ना, म्हटलं, आवाजाची कटकटच नको.
परकार हसले. दात तंबाखूचे.
"लोखंड तापलं का फुगतं, बाय.
जागा नाय ठेवलीस तर वाल्व बसायचा नाय, उघडाच ऱ्हायल.
मग जळतो. आणि आवाज म्हणशील तर काय नाय.
बोलतो तो जगतो.
आवळलेला मुकाट जळतो."
साडेचारशे रुपये झाले.

डायमंड गार्डनपर्यंत मी रेडिओ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता हेमलता टिपणीस.
बासष्ट वर्षं, बारावा धडा, चपला काढून गाडी चालवतात.
सिग्नल हिरवा झाला. गचका. बंद.
पुन्हा चावी, पुन्हा गचका.
मागच्या टेम्पोने हॉर्नवर हात टाकला तो काढलाच नाही.
काय झालं, काकू? परवा तर किती छान उचललीत.

त्या स्टिअरिंगकडे बघत म्हणाल्या,
"ती टिकटिक कुठे गेली?
मी तिच्यावर चालवत होते.
पाय वर घेता घेता जरा जड व्हायची ना,
मशीनखाली जाड कापड आलं की होते तशी,
तिथेच पाय धरायचा.
तीस वर्षं ब्लाऊज शिवलेत मी. आज ही काही बोलतच नाही."

अकरा धडे मी शेजारी बसले होते.
मला वाटलं, माझं ऐकतायत.

चावी फिरवा, म्हटलं.
पायाखालचा माझा क्लच हळूहळू वर येऊ लागला
तसं मी डॅशबोर्डवर नखं वाजवायला घेतलं,
भरभर, भरभर,
मग जरा जड.

गाडी निघाली. टेम्पोवाला अजून शिव्या देत होता.
डावीकडे घ्या, काकू, म्हटलं,
आणि हात तिथेच ठेवला.